पेठ वसवणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

२६ जून जवळ आला की शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण आणि राधानगरी धरण हे चार मुद्दे मुलांना तोंडपाठ असतात आणि ते असायलाच हवेत. पण भाषणात एखादंच वाक्य ज्याच्या वाट्याला येतं, असं महाराजांचं एक काम आहे. त्यांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. मुलं ते वाक्य म्हणतात आणि पुढे जातात. आपण मात्र आज त्या वाक्यापाशी थोडं थांबूया.

कारण आज आपल्या बहुतेक गावांच्या जवळ कुठे ना कुठे एमआयडीसी आहे, आयटी पार्क आहे, नाहीतर बिझनेस पार्क येणार असल्याचा फलक तरी लागलेला आहे. पालक आपल्याला विचारतात, सर, तिथे आमच्या पोराला काही मिळेल का? गावातला किराणा दुकानदार विचारतो, आपलं गिऱ्हाईक वाढेल की जाईल? हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी एका विशीतल्या राजासमोर ते वेगळ्या रूपात उभे होते. त्याने त्यांची उत्तरं कशी शोधली, हे पाहण्यासाठी त्याचं चरित्र या बाजूने वाचायला हवं.

घाटग्यांचा यशवंत

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातले. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंत तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंताला दत्तक घेतलं आणि दहा वर्षांचा मुलगा शाहू छत्रपती झाला. दोन वर्षांत वडीलही गेले.

पुढचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली झालं. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार हे विषय तर होतेच, पण हिंडून प्रदेश पाहणं हाही त्या शिक्षणाचा भाग होता. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रं हाती घेतली. तेव्हा ते वीस वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

आणि अवघ्या वर्षभरात शाहूपुरी! गादीवर आल्याबरोबर या तरुण राजाला बाजारपेठ का सुचावी? याचं उत्तर उसाच्या फडात आहे.

गुळाचं गणित

पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन उसाची. त्या काळी ऊस म्हणजे साखर कारखाना नव्हे, ऊस म्हणजे गुऱ्हाळ. आपल्या मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नसेल तर थोडं सांगावं. ऊस तोडून चरकात घालायचा, रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खाली चुलवाणात चिपाडं जाळायची. भेंडीच्या झाडाचं पाणी घालून रसातली मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पाक कधी उतरवायचा हे गुळव्याने डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवायचं. दोन मिनिटं चुकली तर अख्खी काहील बिघडते. मग पाक वाफ्यात ओतून घोटायचा, साच्यात भरायचा आणि गुळाचे रवे बांधायचे.

इतकं करून शेतकऱ्याच्या हातात येतो तो गूळ, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यापूर्वी त्याला कोरड्या जागी ठेवलं नाही तर तो पाझरतो, काळा पडतो. शेतकऱ्याच्या घरात ना तशी वखार, ना थांबायला पैसा. शिवाय त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत असेल, तर गाडीत माल भरून निघालेला माणूस तो परत आणू शकत नाही. समोरचा म्हणेल तो भाव. जिथे एकच खरेदीदार आहे तिथे विकणाऱ्याला भाव मागता येत नाही. दहा खरेदीदार एका जागी बसले की मागता येतो. बाजारपेठेचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे, आणि ते सातवीच्या मुलालाही समजतं.

कोल्हापूरला १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली होती. माल बाहेर नेण्याचा रस्ता तयार झाला, पण रेल्वे असून भागत नाही. स्टेशनाजवळ माल उतरवायला, तोलायला, साठवायला आणि विकायला जागा लागते. शाहूपुरी नेमकी तिथे, स्टेशनाच्या अंगाला वसली. व्यापाऱ्यांनी तिथे यावं, दुकानं-वखारी बांधाव्यात म्हणून दरबाराने जागा दिल्या, सवलती दिल्या. अडते आले, दलाल आले, गुळाचे सौदे होऊ लागले. हळूहळू कोल्हापूर ही गुळाची मोठी पेठ झाली. कोल्हापुरी गुळाचं नाव पुढे एवढं झालं की २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. पेठेसाठी माल बाहेरून आणावा लागला नाही. जे आसपासच्या शिवारात पिकत होतं, त्यालाच दार मिळालं. म्हणून पेठ वाढली तशी खेडी वाढली. गुळाच्या पेठेत माल चढवायला-उतरवायला हमाल लागतात, गाड्यांची चाकं नीट करायला सुतार-लोहार लागतात, गूळ बांधायला गोणपाट लागतं, मुक्कामाच्या शेतकऱ्याला खानावळ लागते आणि गूळ विकून हातात आलेल्या पैशातून लुगडं, धोतर, भांडं घ्यायला दुकान लागतं. मोठा धंदा असा चालला तर त्याच्या सावलीत दहा छोटे धंदे उभे राहतात.

एकटी पेठ काय करणार?

पण नुसती पेठ वसवून राजा स्वस्थ बसला असता तर ती गोष्ट तिथेच संपली असती. शाहूपुरी वसून वर्ष-दीड वर्ष होतंय तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. दुष्काळात बाजाराचा दुसरा चेहरा दिसतो. धान्य साठवून भाव चढवायचे, हाही व्यापारच. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांसाठी छावण्या केल्या. ज्या राजाने व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावलं होतं, तोच राजा गरज पडली तेव्हा भाव उतरवायला स्वतः बाजारात उतरला. व्यापाराला मदत करायची आणि माणूस उपाशी मरू द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी एकाच कारभाराच्या होत्या.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्याच प्रवासाच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा प्रसिद्ध आदेश निघाला. परदेशात त्यांनी धरणं आणि कालवेही पाहिले. परत आल्यावर भोगावती नदीवर मोठं धरण बांधण्याचा विचार पक्का होत गेला. धरणाजवळ वसवलेल्या गावाला त्यांनी नाव दिलं, राधानगरी. धरणाचं काम पैशाअभावी रखडलं आणि ते पूर्ण झालेलं पाहणं महाराजांच्या नशिबी नव्हतं. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात ते पुरं झालं.

पाणी, ऊस, गूळ, पेठ आणि रेल्वे ही साखळी डोळ्यांसमोर आणा. एक कडी नसेल तर बाकीच्या निरुपयोगी. पाण्याशिवाय ऊस नाही आणि पेठेशिवाय उसाला पैसा नाही. महाराजांचं वेगळेपण असं की त्यांनी एकेक सुटी योजना न आखता सगळी साखळी जोडायचा प्रयत्न केला. याच साखळीत १९०६ साली कोल्हापुरात शाहू मिलची भर पडली. सूत-कापडाच्या गिरणीमुळे शेतीवर न भागणाऱ्या कुटुंबांना पावसावर अवलंबून नसलेला पगार मिळण्याची सोय झाली. पन्हाळा आणि भुदरगड भागात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही त्यांनी केले. पुढे मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर नवं गाव आखून वसवलं आणि वडिलांच्या नावावरून त्याला जयसिंगपूर म्हटलं. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि बाजारासाठी राखलेली जागा असलेलं हे गावही बघता बघता व्यापाराचं ठिकाण बनलं.

आणखी एक कडी राहिलीच, भांडवलाची. छोट्या माणसाला धंद्यासाठी पैसे द्यायला तेव्हा सावकाराशिवाय कोण होतं? महाराजांच्या प्रोत्साहनाने १९१३ च्या सुमारास कोल्हापुरात सहकारी पतसंस्था उभ्या राहू लागल्या. कोल्हापूर जिल्हा पुढे सहकारासाठी ओळखला गेला, त्याचं बी या काळात पडलं.

चहाच्या दुकानाची गोष्ट

आता या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. तो ना धरणाएवढा मोठा आहे ना गिरणीएवढा. तो आहे एका चहाच्या दुकानाएवढा.

बाजार सर्वांसाठी खुला असतो असं आपण म्हणतो. पैसे द्या, माल घ्या. बाजार जात विचारत नाही. पण त्या काळचा बाजार जात विचारत होता. गंगाराम कांबळे हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले गृहस्थ राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण सेवकांसाठी असलेल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांना हे कळलं, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम यांनी नोकरीच्या भरवशावर न राहता स्वतःचा धंदा काढावा असं त्यांनी सुचवलं आणि त्यासाठी मदत केली.

कोल्हापुरात भर वस्तीत गंगाराम यांचं चहाचं हॉटेल उघडलं. दुकान आहे, चहा चांगला आहे, रस्ता वाहता आहे, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? भांडवल मिळालं, जागा मिळाली तरी गिऱ्हाईक नाही म्हणजे धंदा मेलाच. ही गोष्ट कुठल्याही सरकारी योजनेने सुटणारी नव्हती.

मग महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. त्यांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. छत्रपती भर रस्त्यात गंगाराम कांबळे यांच्या हातचा चहा मागवून पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही पाजत. ज्यांना महाराजांकडून काम करून घ्यायचं होतं, सही हवी होती, त्यांनाही तिथे चहा घ्यावा लागे. राजाने प्यायलेला चहा बाकीच्यांनी कसा नाकारायचा? हळूहळू दुकान चाललं.

मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आधी हसतात, मग गप्प होतात. त्या गप्प होण्यात धडा आहे. छोट्या व्यावसायिकाला मदत म्हणजे अनुदानाचा धनादेश, अशी आपली समजूत असते. गंगाराम कांबळे यांना पैशाइतकीच गरज होती ती त्यांच्याकडून विकत घेणाऱ्या माणसाची.

हाच विचार पुढे कायद्यात उतरला. १९१८ च्या सुमारास महाराजांनी बलुतेदारीची सक्ती आणि महार वतन बंद केलं. बापाचा धंदा मुलाने करायचा, वर्षभर राबायचं आणि खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचं, ही गावगाड्याची रीत. त्यातून मोकळा झाल्याशिवाय माणूस स्वतःचा धंदा निवडू शकत नाही, आपल्या कामाची किंमत सांगू शकत नाही. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध आदेश निघाले. गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावल्या जाणाऱ्या जमातींची हजेरी बंद झाली आणि त्यांतल्या अनेकांना काम व निवारा मिळाला.

आपला, म्हणजे शाळेचा वाटा

शिक्षक म्हणून आपल्याला इथे आणखी एक धागा पकडता येतो. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद आली.

हे आणि शाहूपुरी वेगवेगळे धडे म्हणून शिकवू नयेत. गुळाच्या सौद्यात वजन किती झालं, तोलाई किती कापली, अडत किती गेली आणि हातात काय उरलं, हे ज्याला वाचता येत नाही तो चांगल्या पेठेतही नागवला जातो. पेठ गावाच्या दारात आली तरी तिचा फायदा घरात येण्यासाठी घरातलं एक तरी माणूस शिकलेलं असावं लागतं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जे पेरलं त्यातलं बरंच पुढे उगवलं. कोल्हापुरातलं त्यांचं पहिलं स्मारक उभारण्यात पुढाकार कोणाचा होता, ठाऊक आहे? गंगाराम कांबळे यांचा. चहावाल्याने राजाचं स्मारक उभारावं, यापेक्षा त्या कारभाराचा मोठा दाखला कुठला द्यायचा?

आजच्या बिझनेस पार्ककडे पाहताना

सगळंच टिकलं असं नाही. शाहू मिल आज बंद आहे. पण मोठी गिरणी बंद पडली तरी कोल्हापूर बंद पडलं नाही, कारण तोवर तिथे शेकडो छोटे हात तयार झाले होते. महाराजांच्या नंतर उभं राहिलेलं शिवाजी उद्यमनगर पाहा. छोट्या छोट्या शेडमधली ओतकामाची, लेथची, सुट्या भागांची कामं. शेतकऱ्याच्या इंजिनाची आणि चरकाची दुरुस्ती करता करता कारागीर कारखानदार झाले. नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव इथे औद्योगिक वसाहती आल्या, आणि महाराजांचं जन्मघराणं ज्या कागलचं, त्या भागात आज कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे.

आपल्या गावाजवळ असं काही येतं तेव्हा आनंद व्हावाच. पण पालकसभेत, ग्रामसभेत काही प्रश्न विचारावेत, आणि ते शाहूचरित्रातूनच घेता येतात.

१. इथे पिकणाऱ्या, इथे बनणाऱ्या मालाला या पार्कमध्ये दार आहे का? की सगळं बाहेरून येऊन बाहेरच जाणार?

२. आतल्या मोठ्या कंपन्या जेवणाचे डबे, गणवेश, छपाई, वाहनं, दुरुस्ती ही कामं कोणाला देतात? गावातल्या बचत गटाला आणि गॅरेजवाल्याला त्यासाठी विचारलं जातं का?

३. छोट्या उद्योजकाला परवडेल असा लहान गाळा तिथे आहे का?

४. बिल किती दिवसांत मिळतं? छोट्या माणसाचा पैसा तीन महिने अडकला तर त्याचा धंदा बुडतो.

५. पाणी, रस्ता, एसटी यांची सोय फक्त फाटकापर्यंतच आहे की गावालाही तिचा उपयोग होतो?

६. आपल्या आयटीआयमध्ये, शाळेत जे शिकवलं जातं त्याचा तिथल्या कामाशी काही मेळ आहे का?

७. आणि शेवटचा, गंगाराम कांबळे यांचा प्रश्न : तिथे येण्यापासून कोणाला न बोलता अडवलं जातं का?

वर्गासाठी उपक्रम

सहावी ते आठवीच्या मुलांना एक काम द्यावं. आपल्या गावातला एक छोटा व्यवसाय निवडायचा : चहाची टपरी, शिलाई, पंक्चरचं दुकान, पिठाची गिरणी, काहीही. त्या काका-मावशींना तीन गोष्टी विचारायच्या. माल कुठून आणता? तुमचं गिऱ्हाईक कोण? जवळ कारखाना किंवा मोठं ऑफिस आल्यावर काय बदललं? उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहायची, स्वतःचं मत शेवटी दोन ओळीत. सगळ्यांच्या वह्या एकत्र करून फळ्यावर गावाचा नकाशा काढायचा आणि कोणाचा पैसा कुठून येतो व कुठे जातो, त्याचे बाण दाखवायचे.

पालकांसाठीही एक सोपं काम आहे. महिन्यातून एकदा मुलाला सोबत घेऊन गावातल्याच एखाद्या नव्या, अजून न जमलेल्या दुकानातून काहीतरी विकत घ्यावं आणि दुकानदाराशी दोन शब्द बोलावं. मूल विचारेलच, इथेच का आलो? तेव्हा त्याला कोल्हापुरातल्या त्या चहाच्या हॉटेलची गोष्ट सांगावी.